वैर न उरणारं जग

१५ जुलै १९४१ रोजी बीबीसीवरून एक भाषण प्रसारित झालं. बोलणारा होता विल्यम कॉनर, ‘डेली मिरर’मध्ये ‘कॅसँड्रा’ या नावाने लिहिणारा स्तंभलेखक. पी. जी. वुडहाऊस या लेखकाने शत्रूला स्वतःला विकलं, असा त्याचा आरोप होता, आणि तो करताना त्याने जीभ जराही आवरली नाही. बीबीसीच्या नियामक मंडळाला हे भाषण नको होतं. माहितीमंत्री डफ कूपर यांच्या आग्रहामुळे ते झालं. बरोबर वीस वर्षांनी, १५ जुलै १९६१ रोजी, त्याच बीबीसीवरून कादंबरीकार ईव्हलिन वॉ बोलला. वुडहाऊसला मानवंदना द्यायची आणि जुन्या अन्यायाची भरपाई करायची, असा त्याचा उघड हेतू होता. वॉ कट्टर कॅथलिक. त्याने वुडहाऊसच्या जगाचं वर्णन धर्मशास्त्राच्या भाषेत केलं: या जगात माणसाचं पतन झालेलंच नाही, आदम आणि हव्वा यांना बागेतून हाकलून दिल्याची घटना इथे घडलेलीच नाही.

एकाने देशद्रोही म्हटलं, दुसऱ्याने नंदनवनाचा रहिवासी. दोन्ही निकाल नैतिक होते. हसवणाऱ्या लेखकावर असा खटला क्वचितच चालतो, आणि म्हणून त्यातला प्रश्न लेखकापेक्षा मोठा आहे. ज्या पुस्तकांत युद्ध, गरिबी आणि मृत्यू यांना जवळजवळ जागाच नाही, ती वाचून हसणं म्हणजे दुःखी जगाकडे पाठ फिरवणं आहे का? आणि मनात कोणाविषयी वाईट नसणं, एवढं माणसाला निर्दोष ठरवायला पुरेसं असतं का?

ही पुस्तकं म्हणजे प्रामुख्याने दोन मालिका. एकीत बर्टी वूस्टर हा श्रीमंत, रिकामटेकडा, दिलदार तरुण आणि जीव्ह्ज हा त्याचा कमालीचा बुद्धिमान खासगी नोकर. दुसरीत ब्लँडिंग्ज कॅसल, तिथला विसराळू लॉर्ड एम्सवर्थ आणि ‘एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज’ ही बक्षिसं मिळवणारी त्याची डुकरीण. दोन्ही मालिका १९१५मध्ये सुरू झाल्या आणि लेखकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७५पर्यंत, चालू राहिल्या. साठ वर्षांत दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, नोकर ठेवणारा वर्गच नाहीसा होत गेला. बर्टीचं वय मात्र फारसं वाढलं नाही.

वाचकांची मतं पहिल्यापासूनच दोन टोकांची. हिलेअर बेलॉकने त्याला इंग्रजीतला सर्वश्रेष्ठ हयात लेखक म्हटलं. माजी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ त्याचे इतके चाहते होते की ‘मीट मिस्टर मुलिनर’ हे १९२७चं पुस्तक त्यांना अर्पण केलेलं आहे. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनला ‘हनीसकल कॉटेज’ ही त्याची कथा विलक्षण आवडत असे. हॉलंडमध्ये परागंदा आयुष्य काढणारा जर्मनीचा माजी सम्राट विल्हेल्म आपल्या माणसांना वुडहाऊस मोठ्याने वाचून दाखवी. दुसऱ्या बाजूला आयरिश नाटककार शॉन ओ’केसी. त्याने वुडहाऊसला इंग्रजी साहित्यातली सर्कशीची पिसू म्हटलं. कसरत करून दाखवणारा क्षुद्र जीव, असा त्याचा अर्थ. वुडहाऊसने राग न धरता ‘परफॉर्मिंग फ्ली’ हेच नाव १९५३मध्ये आपल्या पत्रसंग्रहाला दिलं. ओ’केसीचा आक्षेप मात्र तेवढ्याने निकालात निघत नाही. डब्लिनच्या झोपडपट्टीतली उपासमार आणि गोळीबार ज्याने रंगभूमीवर आणला, त्याला डुकरिणीच्या चोरीवर कादंबरी लिहिणाऱ्याचा राग येणं समजण्यासारखं आहे.

वॉच्या विचाराला पुढे कवी डब्ल्यू. एच. ऑडनने बळ दिलं. १९६२च्या ‘द डायर्स हँड’ या निबंधसंग्रहात त्याने इंग्रजीतल्या नंदनवनाच्या मोजक्या जाणकारांत डिकन्स आणि ऑस्कर वाइल्ड यांच्याबरोबर वुडहाऊसला बसवलं. त्याच संग्रहात तो याहून धाडसी विधान करतो. बर्टीला आपण मठ्ठ आहोत हे ठाऊक आहे आणि त्याचं त्याला वैषम्य नाही. जीव्ह्जला आपण हुशार आहोत हे ठाऊक आहे आणि तरीही तो सेवा करतो. या नात्यात ऑडनला ख्रिस्ती धर्मातल्या निरपेक्ष प्रेमाची छाया दिसली. विनोदी कादंबरीला एवढं ओझं झेपेल का, अशी शंका येते. पण बर्टीच्या नम्रतेबद्दल ऑडनचं निरीक्षण अचूक आहे. स्वतःविषयी भ्रम नसलेला आणि तरी स्वतःवर चिडलेला नसलेला निवेदक साहित्यात फार थोड्या ठिकाणी भेटतो.

वॉ आणि ऑडन यांच्या स्पष्टीकरणाला एक मर्यादा आहे. आदिपाप, पतन, नंदनवन ही कथा ज्याच्या रक्तात आहे, त्याला ते पटकन भिडतं. पण वुडहाऊसचे निष्ठावंत वाचक भारतात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि महाराष्ट्रात तर पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकाने त्याच्यावर मनापासून प्रेम केलं. त्यातल्या बहुतेकांच्या मनात हरवलेली बाग नाही. मग त्यांना या पुस्तकांत काय सापडतं?

इथे कर्माच्या भाषेत विचार केला तर गोष्ट अधिक उलगडते. वुडहाऊसच्या जगात कर्म भरपूर आहे. चोऱ्या होतात, खोटी नावं घेऊन माणसं वाड्यात घुसतात, मारामाऱ्यांच्या धमक्या दिल्या जातात, लग्नं ठरतात आणि मोडतात. त्या कर्मांची फळंही तिथल्या तिथे मिळतात, बहुधा कर्त्यालाच आणि बहुधा त्याच संध्याकाळी. नसतं ते संचित. कालच्या कृत्याची बाकी उद्याच्या खात्यावर चढत नाही. एम्प्रेसला पळवून नेणारा पुढच्या खेपेला वाड्यावर पाहुणा म्हणून येऊ शकतो. अगाथा आत्या बर्टीवर डाफरते, तो तिला भितो, पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचं वाईट चिंतत नाही. राग आहे, भीती आहे, लोभ आहे, मत्सर तर पानोपानी आहे. या सगळ्याचं वैर होत नाही. हे जग निष्पाप आहे असं म्हणण्यापेक्षा इथे पाप साचत नाही असं म्हणणं जास्त खरं आहे, आणि त्यासाठी नंदनवनाची कथा ठाऊक असण्याची गरज पडत नाही. भाऊबंदकी जिथे तीन-तीन पिढ्या चालते त्या समाजातल्या वाचकाला तर हे आकर्षण लगेच कळावं.

या जगात नीती नाही, असंही नाही. १९३८ची ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ ही कादंबरी बघावी. गायीच्या आकाराचं चांदीचं एक दुधाचं भांडं, ते आपल्याला हवं म्हणून हट्ट धरून बसलेले दोन म्हातारे संग्राहक, आणि त्यांच्या कात्रीत सापडलेला बर्टी. शेवटी बर्टीवर तुरुंगात जायची पाळी येते. न्यायाधीश असलेला सर वॉटकिन बॅसेट सौदा मांडतो: डालिया आत्याने आपला असामान्य आचारी आनातोल त्याला दिला तर बर्टी सुटेल. आत्याचा जीव त्या आचाऱ्याच्या स्वयंपाकात गुंतलेला, तरी भाच्यासाठी ती त्याला सोडायला तयार होते. आणि बर्टी नकार देतो. आपण तुरुंगात जाऊ, पण आत्याचा आनातोल जाऊ द्यायचा नाही. मग दोघं बसून, सुटून आल्यावर आनातोलने कोणकोणते पदार्थ करावेत याची यादी ठरवू लागतात. प्रसंग हास्याचा आहे. तरी एकमेकांसाठी त्याग करायला निघालेली दोन माणसं तिथे खरीखुरी उभी आहेत. मित्राला तोंडघशी पाडायचं नाही आणि स्त्रीचा अपमान होईल असं वागायचं नाही, हा बर्टीचा धर्म. तो पाळण्यासाठी तो प्रत्येक पुस्तकात स्वतःचं सुख पणाला लावतो.

धर्मसंस्थेशी वुडहाऊसचं नातं घरातलंच होतं. त्याच्या काकामामांत पाद्री होते. आईवडील हाँगकाँगला आणि मुलं इंग्लंडमध्ये, त्यामुळे त्याचं बालपण आत्या, मावश्या आणि पाद्री नातलगांच्या घरांत गेलं. म्हणूनच त्याचे पाद्री ओळखीचे वाटतात. १९२२च्या ‘द ग्रेट सर्मन हँडिकॅप’ या कथेत तरुण मंडळी गावोगावच्या पाद्र्यांच्या प्रवचनांच्या लांबीवर पैजा लावतात. मुलिनर मालिकेतल्या एका कथेत टॉनिक घेतलेला बिशप आणि शाळेचा हेडमास्तर रात्री पुतळ्याला गुलाबी रंग फासायला निघतात. यात धर्मनिंदा शोधूनही सापडत नाही. पाद्री हा मुळात शाळकरी मुलगा आहे, एवढंच तो सांगतो. शाळेत बायबलच्या ज्ञानाचं बक्षीस मिळवलं होतं, हा बर्टीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अभिमान आहे. जीव्ह्ज फावल्या वेळात स्पिनोझा वाचतो. नीत्शेबद्दल त्याचं मत वाईट आहे. ‘द मेटिंग सीझन’मध्ये तो संकटात सापडलेल्या धन्याला मार्कस ऑरेलियसचं सांत्वन ऐकवतो, तेव्हा बर्टीला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. खऱ्या दुःखात असलेल्या माणसाला सगळं आधीपासून ठरलेलंच असतं असं सांगणं किती कोरडं असतं, हे ज्याला उमगलं आहे त्यानेच तो प्रसंग लिहावा.

वुडहाऊसचा थोरला भाऊ आर्मिन मात्र उत्तरं शोधायला निघाला. ऑक्सफर्डमध्ये कवितेचं न्यूडिगेट पारितोषिक मिळवलेला हा तरुण थिऑसॉफिस्ट झाला, अ‍ॅनी बेझंट यांच्या बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात आला आणि जे. कृष्णमूर्तींच्या शिक्षकांपैकी एक झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने इंग्रजी शिकवलं. धाकट्याला ऑक्सफर्डला जायला मिळालं नाही. वडिलांचं निवृत्तिवेतन रुपयांत मिळे आणि रुपयाच्या भावाचा भरवसा नव्हता, त्यामुळे शाळा संपताच त्याला १९००मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत कारकून व्हावं लागलं. एक भाऊ जगद्गुरूची वाट पाहणाऱ्यांत सामील झाला, दुसऱ्याने कुठल्याच पंथाचा झेंडा घेतला नाही. तरीही आज जगभरचे वाचक धाकट्याच्या पुस्तकांबद्दल बोलताना धर्माची भाषा वापरतात. हॉस्पिटलच्या खाटेवर, परीक्षेच्या काळात, घरात कोणी गेल्यानंतरच्या आठवड्यात ही पुस्तकं उशाशी घेणारे लोक आहेत. एरवी हे स्थान स्तोत्रांचं असतं.

मग या जगात खरं दुष्टत्व येतच नाही का? येतं, आणि तेही ऐन १९३८मध्ये. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मधला रॉडरिक स्पोड हा ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोझली याच्यावरून बेतलेला आहे. काळ्या शर्टांचा साठा संपल्यामुळे त्याचे अनुयायी काळ्या अर्ध्या चड्ड्या घालतात. बर्टी त्याला तोंडावर सुनावतो, आणि तेव्हा नेहमीच्या भित्र्या बर्टीच्या आवाजात खरा संताप आहे. स्पोडची नांगी मोडते ती एका गुपिताने: हा भावी हुकूमशहा बायकांच्या अंतर्वस्त्रांचं दुकान चालवतो आणि त्यांची डिझाइनंही स्वतः करतो. हुकूमशाहीचा सगळा डोलारा रुबाबावर उभा असतो आणि रुबाब हसण्याने कोसळतो, हे वुडहाऊसला बरोबर दिसलं. त्याला राजकारण कळतच नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

पण पुस्तकातल्या स्पोडला हसून हरवता येतं, कारण तो पुस्तकात आहे.

मे १९४०मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा वुडहाऊस पत्नीसह ल तुके इथे राहत होता. वर्षभरापूर्वीच ऑक्सफर्डने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. अठ्ठावन्न वर्षांच्या या गृहस्थाला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून धरलं गेलं आणि तुरुंगांतून, छावण्यांतून फिरवत शेवटी अप्पर सायलेशियातल्या तोस्त इथल्या छावणीत ठेवलं. पूर्वी ते वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथे त्याने ‘मनी इन द बँक’ ही कादंबरी लिहिली. कैदेतल्या अनुभवांवर गमतीदार टिपणं करून तो ती सोबतच्या कैद्यांना वाचून दाखवी, आणि ते पोट धरून हसत. जून १९४१मध्ये त्याला सोडून बर्लिनला आणलं गेलं. अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं आली होती, त्यांना उत्तर द्यावं, या इच्छेने त्याने जर्मन रेडिओवरून पाच भाषणं केली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. भाषणांत नाझींची स्तुती नव्हती. कैदेत कसं राहावं, काय खावं, वेळ कसा घालवावा, याच त्या गमती होत्या.

तोस्तमध्ये ज्या मजकुरावर कैदी हसले होते, त्याच मजकुराने लंडन पेटलं. १९४०-४१च्या हिवाळ्यात बॉम्बवर्षावात हजारो माणसं मेलेली, आणि देशाचा लाडका लेखक बर्लिनच्या ध्वनिक्षेपकावरून सांगतोय की कैद काही इतकी वाईट नव्हती. वाचनालयांनी त्याची पुस्तकं कपाटांतून काढली. ए. ए. मिल्नसारखा जुना मित्र जाहीरपणे उलटला. पुस्तकांत न साचणारं कर्म आयुष्यात असं साचलं.

त्याच्या बाजूने सगळ्यात गंभीरपणे लिहिलं ते जॉर्ज ऑर्वेलने, १९४५च्या एका दीर्घ निबंधात. वुडहाऊसचं मन पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या शाळकरी जगात थांबलं आहे, त्याच्याकडे राजकीय जाणीव नाही, म्हणून फार तर त्याला मूर्ख म्हणावं, देशद्रोही नाही, असा त्याचा युक्तिवाद. शिवाय खऱ्या अपराध्यांना मोकळं सोडून एका सुखवस्तू लेखकाला बळीचा बकरा करणं सोयीचं होतं, हेही त्याने दाखवून दिलं. ऑर्वेलसारख्या फॅसिझमविरोधी लढवय्याने हे लिहावं यात न्यायबुद्धी आहे. पण स्पोड त्याच्या नजरेतून सुटला, आणि त्यामुळे त्याचा युक्तिवाद एका जागी कच्चा पडतो. वुडहाऊसला फॅसिस्ट कसा असतो हे पुरतं ठाऊक होतं. त्याने चूक केली ती अज्ञानामुळे नाही, सवयीमुळे. जे काही वाट्याला येईल त्याची गंमत करायची, तक्रार करायची नाही, ही त्याची आयुष्यभराची साधना होती. छावणीत ती साधना खरोखर उदात्त ठरली, कारण सांगणारा आणि ऐकणारे एकाच कोठडीत होते, एकच बटाट्याचं सूप पीत होते. तिथे हसणं म्हणजे जेलरपुढे न वाकणं होतं. बर्लिनमध्ये ध्वनिक्षेपक जेलरच्या हातात होता. हसवणाऱ्याला शब्दांवर ताबा असतो. ते शब्द कोणाच्या कामी येतील यावर तो असेलच असं नाही, आणि तिथे स्वच्छ मन त्याला वाचवू शकत नाही. पुस्तक निरागस असू शकतं. माणसाला ती चैन सगळीकडे परवडत नाही. कॅसँड्राचा आरोप खोटा होता, लंडनचा राग मात्र खोटा नव्हता, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानल्याशिवाय या प्रकरणाला न्याय देता येत नाही. वुडहाऊसने स्वतः पुढे कबूल केलं की आपण मूर्खपणा केला.

ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या मेजर कसेनने १९४४मध्ये चौकशी केली आणि खटला भरण्याजोगं काही आढळत नाही असा निष्कर्ष काढला. तो अहवाल वुडहाऊसच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. वुडहाऊस स्वतः इंग्लंडला परतलाच नाही. अमेरिकेत स्थायिक झाला आणि १९५५मध्ये तिथला नागरिक झाला. १९४४मध्येच त्याची लाडकी सावत्र मुलगी लिओनोरा अचानक वारली. युद्धाच्या वर्षांत त्याने पूर्ण केलेली ‘जॉय इन द मॉर्निंग’ १९४६मध्ये आली, आणि अनेक वाचक तिला त्याची सर्वोत्तम कादंबरी मानतात. तीत बर्टी जीव्ह्जसाठी स्पिनोझाचं पुस्तक विकत घ्यायला जातो आणि तिथून सगळा गोंधळ सुरू होतो. कैद आणि बदनामी यांचा एक ओरखडाही त्या पानांवर नाही. ओ’केसीच्या बाजूचा वाचक म्हणेल, हाच तर दोष. पण इतकं भोगून झाल्यावर वाचकाच्या खांद्यावर आपलं ओझं न टाकणं, हे निर्ढावलेपणाचं लक्षण म्हणता येत नाही. त्यामागे शिस्त आहे, आणि ती शिस्त बर्टीच्या धर्मातूनच आलेली आहे.

तरीही या जगाची किंमत एका ठिकाणी जाणवते, आणि ती वाचकाने चुकती केली पाहिजे. युद्धानंतरच्या कादंबऱ्यांत रॉडरिक स्पोड परत येतो. आता तो लॉर्ड सिडकप आहे, पदवी वारशाने मिळाल्यावर त्याने ती काळ्या चड्ड्यांची संघटना सोडून दिली आहे. १९७१च्या ‘मच ऑब्लाइज्ड, जीव्ह्ज’मध्ये तो निवडणुकीच्या प्रचारात भाषणं देतो आणि सभेत डोळ्यावर बटाटा खातो. कोणी त्याला जुना हिशेब विचारत नाही. साठा संपलेल्या शर्टांची गोष्ट १९३८मध्ये शस्त्र होती. आउश्वित्झनंतर स्पोडलाही इतर पाहुण्यांसारखाच वाड्यावर घेणारी ही क्षमा ज्याच्या कुटुंबाने ते दिवस पाहिले त्याला जड जाईल, आणि जड जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. वुडहाऊसच्या नियमाने मात्र दुसरं काही शक्य नव्हतं. जिथे एम्प्रेसच्या चोरांचं संचित उरत नाही, तिथे स्पोडचंही उरणार नाही. स्वतः लेखकाच्या वाट्याला तशी क्षमा यायला चौतीस वर्षं लागली. १९७५च्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्याला ‘सर’ ही पदवी जाहीर झाली, आणि त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला, लाँग आयलंडवरच्या इस्पितळात, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षी तो वारला. ब्लँडिंग्जची एक कादंबरी अर्धी राहिली होती. ती १९७७मध्ये, तशीच अपूर्ण, छापली गेली.